जुन्या चित्रकारांची नक्कल करताना या चुका टाळा

लातूरमध्ये माझ्याकडे शिकायला येणारी मुले पहिल्याच आठवड्यात सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार टिशियन याच्या त्या फुगीर निळ्या बाहीला हात घालतात. साधारण 1510 सालचे ते व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि नकलेसाठी उत्तमच आहे; पण बहुतेकांच्या नकलेत बाही असते आणि तिच्या आत हात नसतो. कापड जिथे अडकते, जिथे ताणले जाते, तिथूनच चुणी निघते. खांदा, कोपर आणि मनगट कुठे आहेत हे ठरवण्याआधीच चुण्या रंगवायला घेतल्या, तर त्या नांगरटीच्या तासांसारख्या दिसतात. लिओनार्दो मातीचे पुतळे करून त्यांवर चिखलात भिजवलेली फडकी पांघरत असे आणि त्यांवरून अभ्यासचित्रे काढत असे, असे त्याचा चरित्रकार व्हासारीने नोंदवले आहे. मी जुने धोतर शाडूच्या पातळ कालवणात बुडवून खुर्चीच्या पाठीवर टाकतो. वाळल्यावर त्याची एकही चुणी हलत नाही. एकाच खिडकीच्या उजेडात, केवळ करड्या छटांत, आठवडाभर ते रंगवल्यानंतरच मी नक्कल करू देतो.

दुसरी चूक घाईची आहे. तैलरंग पाण्याप्रमाणे उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याला दिवस लागतात. तेल जास्त, तर वेळही जास्त. म्हणूनच खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा ठेवतात. एका मे महिन्यात एका विद्यार्थिनीने पार्श्वभूमीच्या आयव्हरी ब्लॅकमध्ये भरपूर तेल घातले. हा रंग मुळातच सावकाश वाळणारा. पण उन्हाळ्यामुळे वरची साय धरलेली पाहून तिने त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला, लवकर वाळणारा अंबर हा मातकट तपकिरी रंग फिरवला. दिवाळीपर्यंत गालाच्या कडेने आटलेल्या तळ्यातल्या काळ्या मातीसारख्या भेगा पडल्या. चार महिन्यांचे ते काम मला वाचवता आले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक थराची तारीख कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि कडेला नख दाबून पाहिल्याशिवाय पुढचा थर देत नाही. ड्रायर, म्हणजे रंग लवकर वाळवणारे द्रव्य, ओतून दिवस वाचवू पाहणाऱ्यांनी तैलरंग तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

घाण्यावरून आणलेले, न शुद्ध केलेले जवसाचे तेल चटणीसाठी ठेवा. त्वचेच्या छायेत नुसता काळा मिसळू नका. जुन्या चित्रांवरचा पिवळेपणा पुष्कळदा व्हार्निशचा असतो. तो चेहऱ्याचा रंग समजून नकलेत उतरवू नका.