नवे पॅड, जुनी डिस्क

गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड नवे टाकले आणि तिसऱ्याच दिवशी ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक पकडच घेईना. पोटात गोळा आला. घरी चाक काढलं. पॅड जिला दोन्हीकडून आवळतात त्या, चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढी धार आलेली, पॅड नीट टेकतच नव्हता! डिस्कवर किमान जाडी २० मिमी कोरलेली. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांचं मोजमाप) त्या धारेवर टेकून जाडी जास्त दाखवतो, म्हणून धारेच्या आत टेकणारा मायक्रोमीटर लावला: १९.६. दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलल्या, पॅडही पुन्हा नवे.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा ब्रेक लावले. जरा जळका वास येतोच. नंतर दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी फिरवली. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं.