कीबोर्ड लॅब लावताना आधी स्वतःच्या कानांची सोय करा

कीबोर्ड लॅबमध्ये तास चालू असताना कुणी डोकावलं तर त्याला संगीत ऐकूच येत नाही. सोळा मुलं कानाला हेडफोन लावून वाजवत असतात आणि बाहेर ऐकू येते ती फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक, पत्र्यावर रिमझिम पाऊस पडावा तशी. सुरुवातीला मला ती टकटक फार आवडायची. वर्ग शांत, प्रत्येक जण आपापल्या धड्यात, कुणाचा कुणाला त्रास नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी हेडफोन काढायला सांगितले आणि सगळ्यांना एक सोपी धून एकत्र वाजवायला दिली. दुसऱ्याच सुराला कानाला टोचलं. एकेकाला थांबवत गेले, तेव्हा अकरा नंबरवर पोचले. मुलीची बोटं बरोबर, लय बरोबर. पण तिच्या कीबोर्डचं ट्रान्स्पोज बटण, म्हणजे सगळे सूर एकदम वर किंवा खाली सरकवणारं बटण, कधीतरी दाबलं गेलं होतं, आणि त्या मॉडेलला बंद केल्यावरही सेटिंग लक्षात राहायचं. ती पांढरी एक ही पट्टी दाबत होती आणि कानात तिच्या शेजारची काळी एक वाजत होती. एकटीच्या हेडफोनमध्ये तिला सगळं सुरातच लागत होतं, कारण ताडून बघायला शेजारचा सूर नव्हताच. इतक्या दिवसांत मी तिच्या मागे उभी राहून बोटं बघितली होती, पण तिचं वाजवणं एकदाही ऐकलं नव्हतं.

म्हणून नव्याने लॅब लावणाऱ्यांना माझं सांगणं हे, की कोणता कीबोर्ड घ्यायचा याच्या आधी तुम्ही मुलांचं ऐकणार कसं ते ठरवा. सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रत्येक कीबोर्डला स्प्लिटर, म्हणजे एका जॅकचे दोन जॅक. एकात मुलाचा हेडफोन, दुसरा मोकळा. मी माझा हेडफोन गळ्यात घालून फिरते, मोकळ्या जॅकमध्ये खुपसते आणि मिनिटभर ऐकते. मुलाला थांबवावंही लागत नाही. खास लॅबसाठीच्या कंट्रोलर सिस्टिमही मिळतात. त्यांत शिक्षकाला जागेवर बसून हव्या त्या मुलाचं ऐकता येतं, हेडसेटवर त्याच्याशी बोलता येतं, दोघांची जोडीही लावता येते. पण त्या महाग असतात आणि वायरिंगही वाढतं. पहिल्या वर्षी स्प्लिटर पुरतो असं माझं ठाम मत आहे.

स्प्लिटर स्टिरिओच घ्या, नाहीतर आवाज एकाच कानात येतो. घेण्याआधी जॅकचं माप बघा. काही कीबोर्डना 6.35 मिलिमीटरचा मोठा जॅक असतो, हेडफोनची पिन मात्र बहुतेक वेळा 3.5 ची. मग मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि ती चिमुकली वस्तू हमखास हरवते. शिवाय कन्व्हर्टर, त्यात स्प्लिटर, त्यात पिन असा लांब दांडा कीबोर्डच्या पाठीतून बाहेर आला की येता-जाता त्याला धक्का लागतो, आत जॅकचं सोल्डरिंग सुटतं आणि एक कान गप्प होतो. माझ्या लॅबमधल्या दुरुस्त्या सगळ्यात जास्त याच एका जागेच्या झाल्या. आता मी प्रत्येक कीबोर्डला वीतभर लवचीक एक्स्टेन्शन वायर कायमची जोडली आहे आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पुढच्या कडेला क्लिपने बसवलं आहे. मुलं जोडतात-काढतात ती तिथेच, कीबोर्डला हातही लागत नाही.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि बंद पाठीचे हवेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज झिरपतो, मग शेजारचा आपला आवाज वाढवतो, त्याच्या शेजारचा आणखी वाढवतो. कानांची सुरक्षित मर्यादा दिवसाला आठ तास 85 डेसिबल अशी सांगितली जाते, आणि पुढे दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. मुलं वाढत्या वयाची आहेत, म्हणून यात हयगय नको. आवाजाच्या बटणापाशी मी रंगाचा ठिपका दिला आहे, त्याच्या पुढे न्यायचं नाही.

कीबोर्ड 61 पट्ट्यांचे पुरतात. पट्टी पूर्ण मापाची हवी आणि टच रिस्पॉन्स हवाच. बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होत नसेल तर मुलाचा हात काहीच शिकत नाही. शक्यतो सगळे एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळे असले की ‘उजवीकडचं तिसरं बटण दाबा’ हे वाक्यसुद्धा सोळा वेळा सोळा तऱ्हांनी सांगावं लागतं.

विजेचा भार फार नसतो, सोळा कीबोर्ड मिळून एका इस्त्रीहूनही कमी वीज खातात. अडचण असते ती प्लगच्या जागेची. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खुपसू नका, भिंतीलगत पुरेसे पॉइंट काढून घ्या. अडॅप्टरवर आणि कीबोर्डवर एकच नंबर चिकटवा. अदलाबदल झालीच तर व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे बाजू, तंतोतंत जुळली पाहिजे. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

मांडणी मी दोनदा बदलली. आधी रांगा होत्या, मुलांची तोंडं माझ्याकडे. चेहरे दिसायचे, हात दिसायचे नाहीत. आता तीन भिंतींना टेबलं आहेत, मुलं भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मधून फिरताना मला खांद्यावरून सगळ्यांची बोटं दिसतात. फळ्याकडे बघायला त्यांना वळावं लागतं, तेवढं मी चालवून घेते. टेबलाची उंचीही मोजा. पियानोची पांढरी पट्टी जमिनीपासून साधारण 72 ते 74 सेंटिमीटरवर असते. नेहमीच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला की पट्ट्या त्याहून बऱ्याच वर जातात, मुलांचे खांदे उचलले जातात आणि मनगटं दुखतात. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे. त्यासाठी आम्ही टेबलांचे पाय कापून घेतले.

हेडफोन लावलेल्या मुलाला हाका मारून उपयोग नसतो. मी दिवा एकदा बंद-चालू करते. दिवा लुकलुकला की हेडफोन गळ्यात आणि हात मांडीवर, हे पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या.

दोन बारकावे, जे मला उशिरा कळले. बरेच कीबोर्ड अर्धा तास कुणी हात लावला नाही की आपोआप बंद होतात, ते सेटिंग आधीच काढून टाका. आणि सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायचं पेडल, उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय उचलल्यावर सूर रेंगाळला, तर कीबोर्ड बंद करा, पेडल नीट जोडा, त्यावरचा पाय काढा आणि मग चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच ते ताळ्यावर येतं.

प्रत्येक तास आम्ही हेडफोनशिवाय सुरू करतो. एक नंबरचा मुलगा मधली पांढरी एक दाबून धरतो, मग दोन नंबर, मग तीन, असे सोळाही सूर एकावर एक चढतात. एखाद्याचं ट्रान्स्पोज हललेलं असेल तर त्याचा सूर आत शिरताच सगळा वर्ग मान वळवतो. परवा तो सात नंबर होता. मी उठायच्या आत शेजारच्या मुलीने हात लांब करून त्याचं बटण शून्यावर आणलं होतं.