डॅटसन २४०झेड: त्या काळाला शोभणारी चाकं आणि उंची कशी निवडावी

जुनी गाडी समोरून गेली की आपण रिम बघतो असं आपल्याला वाटतं. डोळ्यात आधी भरतो तो टायरचा काळा पट्टा. १९७२ च्या कूपेला १७ इंची रिम आणि भाकरीएवढा पातळ टायर चढवला, की रिमची घडण कितीही जुनी असो, गाडी कालपरवाची दिसते. साध्या लोखंडी रिमवर जाड टायर असेल, तर तीच गाडी आपल्या काळात परत जाते. म्हणून आधी टायर, मग रिम, आणि उंची सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलट्या क्रमाने केलं होतं. खाली उदाहरण माझ्याच गाडीचं, डॅटसन २४०झेडचं आहे.

१. साल आणि देश नक्की करा

‘जुन्या काळची चाकं’ हे फार मोघम झालं. ही गाडी १९६९ च्या अखेरीस बाजारात आली. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड, अमेरिकेत २४०झेड, आणि तिथे ती १९७३ पर्यंत या नावाने विकली गेली. दोन देशांत हौसही वेगवेगळी. जपानी थाट हवा असेल तर वातानाबे कंपनीची आठ आऱ्यांची रिम. अमेरिकी थाट हवा असेल तर ‘अमेरिकन रेसिंग’ या कंपनीची ‘लिब्रे’ रिम. पीट ब्रॉक यांच्या बीआरई या अमेरिकी शर्यत संघाच्या गाड्यांवर हीच रिम दिसते. याच संघासाठी जॉन मॉर्टन यांनी १९७० आणि १९७१ मध्ये सी प्रॉडक्शन या शर्यतीच्या गटाचं अमेरिकेतलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिसरा पर्याय स्लॉट मॅगचा, म्हणजे लांबट खाचांच्या ॲल्युमिनियम रिमचा. त्याला आज लोक नाक मुरडतात, पण त्या काळी अमेरिकेत गल्लोगल्ली तीच होती. मला विचाराल तर रोज चालवायच्या गाडीवर तीच सगळ्यात खरी दिसते.

२. टायरचा हिशेब कागदावर करा

मूळ टायर १७५ मिलिमीटर रुंदीचा, १४ इंची रिमचा. बाजूची उंची रुंदीच्या साधारण ८० टक्के, म्हणजे टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर. आता पर्याय बघा (पहिला आकडा रुंदी, दुसरा बाजूच्या उंचीची टक्केवारी, शेवटचा रिमचे इंच): १९५/७० आर १४ चा व्यास ६२९ आणि २०५/६० आर १५ चा ६२७. दोन्ही चालतील. २२५/५० आर १५ मात्र ६०६ वर येतो. तेवढ्यानेच गाडी दीड सेंटिमीटर खाली बसते, मडगार्डखालची पोकळी वाढते आणि स्पीडोमीटर जवळजवळ पाच टक्के जास्त वेग दाखवतो. १५ इंचीत टायर सहज मिळतात, हे खरं. तरी चांगला १४ इंची टायर मिळत असेल तर मी तोच घेईन. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर लाकडासारखं होतं.

३. रिम बसते का ते मोजा

इथे घाई केली की पैसे जातात. या गाडीला चार बोल्ट, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ जपानी गाड्यांचंही माप हेच आहे. म्हणून भोकं जुळतात, ऑफसेट जुळत नाही. ऑफसेट म्हणजे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. एका विक्रेत्याने ‘झेडला बसतं’ म्हणून ३८ ऑफसेटच्या रिम माझ्या गळ्यात मारल्या. नट आवळले आणि चाक फिरेना. टायर शॉकअपवरच्या स्प्रिंगच्या वाटीला घट्ट टेकला होता. या गाडीला शून्याच्या आसपासचा ऑफसेट लागतो. रुंदीही लक्षात घ्या: त्याच ऑफसेटने साडेपाचवरून सात इंचावर गेलात, तर रिम आत आणि बाहेर प्रत्येकी १९ मिलिमीटर वाढते.

आतली जागा बघायला घट्ट मळलेली कणीक घ्या. लिंबाएवढा गोळा वाटीच्या टायरकडच्या अंगाला चिकटवा, चाक चढवून हाताने एक फेरा द्या, मग काढून दाबलेल्या कणकेची जाडी पट्टीने मोजा. पाच मिलिमीटरच्या खाली असेल तर ती रिम परत करा. चाक आणि शॉकअप एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे हे माप उभ्या गाडीवरही खरं येतं. मडगार्डचं तसं नाही. त्यासाठी स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर उचला, पुढचं चाक दोन्हीकडे वळवा आणि मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायर किती बाहेर येतो ते बघा.

नट १२ मिलिमीटरचे, १.२५ आट्याचे. पण काही मॅगव्हीलला, म्हणजे हलक्या धातूच्या रिमला, शंकूच्या तोंडाचा नट चालत नाही, वॉशरसह सरळ दांड्याचा लागतो. चुकीचा लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात सैल होतो. रिम जुनी, त्यातून मॅग्नेशियमची असेल, तर रंग भरून तडे तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर उतरू नका.

४. उंची

जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप फसवं होतं. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. त्या काळच्या फोटोंत टायरच्या वर बोटं जातील एवढी फट असते. ती अगदी बुजवायची हौस नंतरची. मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटर खाली, इथे मी थांबतो.

त्याला कारणही आहे. पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, की वळणावर गाडी जास्त झुकते आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. त्याहून खाली न्यायचीच असेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकावरच्या बॉल जॉइंटच्या वर साधारण २५ मिलिमीटरचा स्पेसर आणि आखूड शॉकअप लागतात. नुसती स्प्रिंग कापून भागत नाही. मूळ गाडीत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलायची सोय नाही, हेही ध्यानात ठेवा.

आर्मच्या रबरी बुशचे नट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-चारदा दाबून सोडा आणि मग आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. दोन-तीनशे किलोमीटर झाले की स्प्रिंग बसते. तेव्हा चारही मापं पुन्हा घ्या, चाकाचे नट पुन्हा आवळा आणि अलाइनमेंट त्यानंतरच करा. मापं घेताना टाकी अर्धी भरलेली आणि स्टेपनी जागेवर असू द्या.