नायक लांडगा आहे हे वाचकाला मुखपृष्ठावरच कळलंय! वेअरवुल्फ प्रेम-रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

मुखपृष्ठावर पूर्ण चंद्र, उघड्या छातीचा तरुण आणि त्याच्या मागे लांडग्याची सावली. आत नायिका सलग अकरा भाग विचार करतेय, हा दर पौर्णिमेला जातो तरी कुठे? वाचक पहिल्या भागापासून गालातल्या गालात हसतोय.

अशा वेअरवुल्फ कथा, म्हणजे माणसाचा लांडगा होण्याच्या कथा, मी आवडीने वाचते. ओळखीतल्या चार-पाच जणी लिहितातही, आणि त्यांचे कच्चे खर्डे माझ्याकडे येतात. रडगाणं ठरलेलं असतं: "सुरुवात झकास होते गं, पण मधेच रहस्य बसतं." ते का बसतं, ते खाली आहे. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे कुणी राग मानू नये.

रहस्य चुकीच्या जागी पुरलंय

‘तो लांडगा आहे’ हे या प्रकारात रहस्य होऊच शकत नाही. वाचक तेवढ्यासाठीच आलाय. मग लपवायचं काय?

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने ‘बिस्क्लाव्रे’ नावाचं कथाकाव्य लिहिलं. आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीतला एक सरदार आठवड्यातले तीन दिवस नाहीसा होतो. बायको लाडीगोडी लावून खरं काढून घेते: तो लांडगा होतो, आणि काढून ठेवलेले कपडे परत मिळाले नाहीत तर लांडगाच राहील. हे सगळं सुरुवातीलाच उघड. बायको तिच्यावर जीव टाकणाऱ्या दुसऱ्या सरदाराकरवी ते कपडे पळवते आणि पुढे त्याच्याशीच लग्न करते. लांडगा राजाला शरण जातो, दरबारात पाळीव कुत्र्यासारखा राहतो. एके दिवशी तो त्या सरदारावर झेपावतो, नंतर बायकोचं नाकच तोडतो. दरबारात प्रश्न उभा राहतो, एवढं शांत जनावर या दोघांवरच का उठलं?

वाचकाला उत्तर ठाऊक आहे, दरबाराला नाही, आणि लांडग्याला बोलता येत नाही. आठशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आजही चालते, कारण प्रश्न ‘लांडगा कोण’ असा नाहीच. ‘त्याचे कपडे कुणी नेले’ असा आहे.

तुमचा खर्डा बसला असेल तर नायकाचं गुपित सरळ तिसऱ्या भागात फोडून टाका. त्याच्या आड आणखी एक गुपित असायला हवं: त्याला लांडगा केलं कुणी, त्या रात्री दुसरा लांडगा कोण होता, नायिकेच्या आईला हे आधीपासून कसं माहीत होतं. असं काहीच सापडलं नाही तर तुमच्याकडे नुसती प्रेमकथा आहे. तीही चांगली असू शकते, फक्त तिला रहस्यकथा म्हणू नका.

चांदीची गोळी ‘परंपरेनुसार’

"परंपरेनुसार वेअरवुल्फ पौर्णिमेलाच बदलतो आणि चांदीनेच मरतो," असं नायकाचे आजोबा गंभीर आवाजात सांगतात. परंपरा अशी एक नाहीच. बिस्क्लाव्रेच्या कथेत पौर्णिमा नाही, आठवड्याचे तीन दिवस आहेत. जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये १५८९ साली पेटर श्टुंप या माणसाला वेअरवुल्फ ठरवून हालहाल करून मारलं. सैतानाने दिलेला पट्टा बांधला की आपण लांडगा होतो, असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हियाच्या भागात, १६९१ साली थीस नावाच्या म्हाताऱ्याने न्यायाधीशांपुढे ठणकावून सांगितलं की आम्ही वेअरवुल्फ देवाचे कुत्रे आहोत, नरकात जाऊन चेटकिणींशी लढतो आणि त्यांनी चोरलेलं धान्य परत आणतो! त्याला फटक्यांची शिक्षा होऊन हद्दपार व्हावं लागलं. मला तर हा म्हातारा नायकाचा आजोबा म्हणून फार आवडेल.

पौर्णिमा आणि चांदी ही जोडी घट्ट झाली ती मुख्यतः हॉलिवूडमुळे. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या ज्या चित्रपटाने चांदीची कल्पना रुजवली, त्यात लांडगा मरतो तोसुद्धा चांदीच्या मुठीच्या काठीने, गोळीने नव्हे.

म्हणजे नियम तुम्ही ठरवायचे आहेत. पण लिहायला बसण्याआधी. बदल कशाने होतो, शुद्ध राहते का, कपड्यांचं आणि मोबाइलचं काय होतं, जखम माणसाच्या अंगावर उतरते का, हे एका कागदावर लिहून काढा. शेवटचा प्रश्न फार मोलाचा. पहिल्या शतकातल्या पेट्रोनियसच्या रोमन गोष्टीत लांडग्याच्या मानेत भाला घुसतो, आणि घरी परतल्यावर सोबती बघतो तर कालचा सैनिक अंथरुणात पडलाय, वैद्य त्याच्या मानेवर उपचार करतोय. वेअरवुल्फ रहस्यकथेतला पहिला धागादोरा तो हाच. तुमच्या कथेत नायक सहाव्या भागात उजव्या खांद्याला लागून घेतो आणि सातव्या भागात त्याच हाताने नायिकेला उचलतो, तेव्हा असा धागा तुम्ही स्वतःच तोडलेला असतो.

मराठी वाचकाकडे पंचांग आहे

ही चूक मी स्वतः केली होती. पहिला खून पौर्णिमेला, दुसरा ‘पुढच्या शनिवारी, पुन्हा त्याच पूर्ण चंद्राखाली’. एका काकूंनी विचारलं, "अगं, मधे संकष्टी कुठे गेली?" मान खाली घालावी लागली.

दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे ‘मध्यरात्री क्षितिजावर पूर्ण चंद्र वर आला’ हे वाक्य सपशेल चूक. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा उगवतो. संकष्टीला नऊच्या आसपास चंद्राची वाट बघत उपाशी बसणाऱ्या वाचकाला हे शिकवावं लागत नाही. आपल्याकडे चंद्रोदयाची वेळ भिंतीवर टांगलेली असते.

ही अडचण नाही, भांडवल आहे. आषाढातली पौर्णिमा घ्या: आभाळ गच्च, चंद्र दिसतच नाही. तुमचा लांडगा चांदण्याने बदलतो की तिथीने? तिथीने बदलत असेल तर पौर्णिमा दुपारी संपल्यावर काय? कोजागरीला सगळी सोसायटी गच्चीवर, दुधाचं पातेलं चंद्राखाली, आणि नायक ‘डोकं दुखतंय’ म्हणून खाली फ्लॅटमध्ये कोंडून घेतोय. त्याला दूध द्यायला नायिकेलाच पाठवतात. ७ सप्टेंबर २०२५ ला भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसलं. पूर्ण चंद्र, पण सावलीत. त्या वेळात लांडगा अर्धवट उलटा बदलला तर? एवढ्यावर एक अख्खा भाग निघेल.

नाकामुळे कथा पहिल्याच भागात संपते

नायकाला तीन किलोमीटरवरून नायिकेच्या केसातला मोगरा कळतो. मग खुनाच्या जागी उभा राहिल्यावर खुनी कसा कळत नाही? बहुतेक लेखिका हे विसरतात, वाचक विसरत नाहीत.

नाक काढून घेऊ नका, त्याला मर्यादा द्या. मुसळधार पाऊस वास धुऊन टाकतो. मासळी बाजार, धूप घातलेलं देवघर, फिनेल मारलेला दवाखान्याचा जिना, इथे ते गोंधळतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे वासाने ‘कोण आलं होतं’ एवढंच कळू द्या, ‘कशाला’ ते नको. घरातल्या सगळ्यांचाच वास प्रेताच्या खोलीत आहे, मग? आणि सर्वांत जास्त ताण यात आहे: त्याला कळलंय, पण कसं कळलं ते तो इन्स्पेक्टरला सांगू शकत नाही. नायिकेलाही नाही. तिला वाटतं, याला एवढं माहीत म्हणजे यानेच केलंय. एका वासातून रहस्य आणि प्रेमातला संशय दोन्ही निघाले.

पाइनचं जंगल आणि न बोलावलेला बिबट्या

कथा युरोपात घडत असेल तर खुशाल पाइन, बर्फ आणि दगडी वाडा येऊ द्या. सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात घडत असेल तर आधी बघा की लांडगा राहतो कुठे. आपला लांडगा माळरानाचा. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या गवताळ भागात, इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर, धनगरांच्या मेंढरांच्या मागावर. युरोपातल्या भावाहून तो अंगाने लहान आणि सडपातळ. सह्याद्रीच्या दाट जंगलात कळपाने शिकार करणारे दिसतील ते रानकुत्रे. आणि माळरानावर लपायला झाड नसतं, ही गोष्ट रहस्यासाठी किती छान आहे! चांदण्यात मैलभर सगळं दिसतं, तरी कुणी काही पाहिलेलं नाही.

प्रेतावर दातांच्या खुणा सापडल्या की गावात पहिला शब्द ‘बिबट्या’ येणार. जुन्नरकडचा वाचक तर तुमच्या आधी बोलेल. वन विभागाची माणसं येणार, पंचनामा होणार, ठसे बघणार, पिंजरा लागणार. हे सगळं गाळून थेट ‘गावकरी म्हणाले, हा नरलांडगा आहे’ लिहिलंत तर कुणाचाच विश्वास बसणार नाही. बिबट्यावर आळ येऊ द्या. पिंजऱ्यात एक बिबट्या सापडूही द्या. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा प्रेत.

अल्फा म्हणजे उर्मट नव्हे

मनगट पकडणारा, ‘तू फक्त माझी आहेस’ म्हणून गुरगुरणारा अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या. ही कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करण्यात १९७० च्या पुस्तकाने हातभार लावणाऱ्या डेव्हिड मेक या शास्त्रज्ञानेच १९९९ साली लिहिलं की मोकळ्या रानातला कळप बहुधा एक कुटुंब असतो: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथला ‘अल्फा’ म्हणजे चक्क बाप. मारामाऱ्या करून गादी मिळवलेला दादा नव्हे.

म्हणून नायकाला कळप द्यायचा तर घर द्या. थोरली वहिनी, लग्नाला आलेली बहीण, ‘बाहेरची मुलगी चालणार नाही’ म्हणणारी आत्या. हा संघर्ष लिहायला मराठी लेखिकेला परदेशातून काही आणावं लागत नाही.

‘नियतीने ठरवलेली जोडी’ या मालाचंही तेच. गाठ स्वर्गात बांधलेली आहे हे त्याला वासाने कळलं की प्रेमात ताण उरत नाही. तिला ते कळत नाही आणि ती ‘नाही’ म्हणू शकते, एवढं ठेवा. किंवा त्याचं नाकच चुकू द्या.

क्रियापद खुनी फोडतं

मराठीत खुनी ‘मी’ म्हणून बोलायला लागला की घात होतो. ‘मी अंधारातून चालत गेले’ म्हटलं की निम्मे संशयित बाद! यावर तोडगा भाषेतच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापदं वापरा: मी दार ढकललं, मी वास घेतला, मी तिचं नाव ऐकलं. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणारा झाकलेला राहतो. एक पानभर सहज निभतं, त्यापुढे वाचकाला संशय येतो. कोल्हापूरकडच्या काही बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हेही लक्षात असू द्या. त्या एका ‘येतो’वर मी एकदा चार भाग चकवा दिला होता.

तसंच ‘तुम्ही’ आणि ‘तू’. नायिका त्याला कधी अरेतुरे करायला लागते, ही प्रेमकथेतली घटना आहे, ती नकळत घडवू नका. त्याने लांडग्याच्या रूपातून परत आल्यावर अचानक तिला ‘अहो’ म्हटलं तर? तो तोच आहे का?

आणि ‘आपण रोखून धरलाय हे ठाऊक नसलेला श्वास तिने सोडला’, हे वाक्य कृपा करून कुणी लिहू नका. 

एवढं करूनही पाचव्या भागात प्रतिक्रिया येते: ‘खुनी वहिनीच ना?’ आणि खरोखर वहिनीच असते. घाबरून खुनी बदलू नका. आधी पेरलेलं सगळं वाया जातं आणि वाचक चिडतो तो वेगळाच. सहाव्या भागात वहिनीला स्वतःच्या तोंडून कबूल करू द्या. मग तिने नायिकेला विचारावं, "आणि त्या रात्री तुझ्या पायाला चिखल कसा गं लागला होता?"