रुजू होताच राजीनामा द्यायची वेळ आली? मग या चुका टाळा

मी सतरा वर्षं एचआरमध्ये आहे आणि त्यातली बरीच वर्षं नोकरी सोडणाऱ्यांची कागदपत्रं पूर्ण करण्यात गेली. रुजू झाल्यावर दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या दिवशी निघालेली माणसं माझ्यासमोर सतत येऊन बसतात. कुणाला सांगितलं एक काम आणि दिलं भलतंच. कुणाच्या घरी आजारपण निघालं. कुणाला आधी मुलाखत दिलेल्या ठिकाणाहून उशिरा होकार आला. यातल्या एकालाही मी दोष देत नाही. पण जाताना त्याच त्या चुका होताना पाहिल्या की जीव तुटतो. त्यांची भरपाई दोन-तीन वर्षांनी करावी लागते आणि तेव्हा मी मनात आणलं तरी फार काही करू शकत नाही.

न सांगता गायब होणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती करणारे बहुतेक जण स्वभावाने भिडस्त असतात. वरिष्ठांसमोर उभं राहून "मला जमत नाहीये" म्हणायचा धीर होत नाही. मग लॅपटॉप खणात ठेवायचा, ओळखपत्र सिक्युरिटीकडे द्यायचं आणि फोन उचलायचा नाही.

एक मुलगा असाच अकराव्या दिवशी गेला. शुक्रवारी संध्याकाळी टेबल आवरलं आणि सोमवारी तो दुसऱ्या कंपनीत रुजू झाला. आम्ही फोन केले, मेल पाठवले, घरच्या पत्त्यावर दोन रजिस्टर पत्रं गेली. उत्तर नाही. शेवटी फाइलवर "ॲब्स्कॉन्डिंग", म्हणजे न सांगता बेपत्ता, असा शेरा पडला. इकडे पगाराचं काम ठरल्याप्रमाणे झालं आणि अकरा दिवसांचा पीएफ त्याच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, जमा झाला. नव्या कंपनीनेही तोच बारा आकडी यूएएन वापरून त्याचं नाव चढवलं. आमच्याकडची सोडल्याची तारीख मात्र कुणीच भरली नाही, कारण तो गेल्याचा एक ओळीचाही कागद आमच्याकडे नव्हता.

दोन वर्षांनी त्याला मनासारखी ऑफर मिळाली. बायोडाटात त्याने ते अकरा दिवस गाळले होते. बॅकग्राउंड तपासणीत पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली गेली. तिथे दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसत होत्या आणि आमची तर अजून चालूच होती. त्याला विचारण्यात आलं, "एकाच वेळी दोन ठिकाणी काम करत होतात का?" तेव्हा त्याने मला फोन केला. आवाज कापत होता. मी जुनी फाइल शोधली, मंजुऱ्या घेतल्या, तारीख भरून घेतली, पत्र काढून दिलं. सात आठवडे लागले. तोवर ती जागा भरली गेली होती.

त्या मुलाने त्या शुक्रवारी तीन ओळींचा मेल पाठवला असता तर हे काहीच झालं नसतं. मी प्रत्येकाला तो मेल साधारण असा लिहायला सांगते:

"अमुक तारखेपासून मी या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील कलमानुसार माझा नोटीस कालावधी इतक्या दिवसांचा असून माझा शेवटचा दिवस अमुक असेल. कृपया राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटच्या दिवसाचे लेखी उत्तर द्यावे."

बस. कारण लिहायलाच हवं असं नाही. विचारलं तर एका वाक्यात सांगा. रागाच्या भरात लिहिलेले दोन-दोन पानांचे राजीनामे मी वाचले आहेत आणि ते वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहतात. तक्रार खरी असेल तर ती वेगळ्या पत्रात, तारखा-वार घालून लिहा. लैंगिक छळाची तक्रार असेल तर राजीनामा दिला म्हणून तो हक्क जात नाही. २०१३च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते.

आणि मेल पाठवण्याआधी वरिष्ठांना समोर बसून किंवा निदान फोनवर सांगा. पाच मिनिटं अवघड जातात, पण त्याने पुढच्या सगळ्या सह्या लवकर होतात.

पीएफचं खातं तसंच सोडून देणं

वरच्या गोष्टीतला अर्धा त्रास त्या मुलाला स्वतःच टाळता आला असता. जानेवारी २०२०पासून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सदस्य पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आपली आपण भरता येते. "मॅनेज"मध्ये "मार्क एक्झिट" हा पर्याय असतो. यूएएनला आधार आणि चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नोकरी सोडून दोन महिने उलटल्यावर ही सोय मिळते आणि तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्या महिन्यातलीच टाकावी लागते. नीट बघून भरा. चुकीची तारीख दुरुस्त करायला हेलपाटे पडतात.

तीन आठवड्यांच्या नोकरीची रक्कम ती काय असणार, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. प्रश्न रकमेचा नाहीच. ती नोंद तुमच्या आधारशी कायमची बांधलेली आहे. पैसे काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. सलग सेवा पाच वर्षांची होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो. वर्ग केला तर आधीचे दिवसही त्या पाच वर्षांत धरले जातात.

"प्रोबेशनमध्ये नोटीस नसते" असं गृहीत धरणं

असते. बहुतेक नियुक्तिपत्रांत प्रोबेशनसाठी, म्हणजे कायम होण्याआधीच्या परीक्षेच्या काळासाठी, कमी आणि कायम झाल्यावर जास्त दिवसांची नोटीस लिहिलेली असते. पंधरा दिवसांचे एकदम नव्वद होतात. काही पत्रांत प्रोबेशन संपताच माणूस आपोआप कायम धरला जातो, काहींत वेगळं पत्र लागतं. ते एक वाक्य शोधून वाचा. सोडायचं नक्की असेल तर कायम होण्याची वाट बघण्यात काही मिळत नाही.

इथे मला उतावळ्यांबद्दल बोलायचं आहे. ऑफर लेटर आलं की मोबाइलवरच, न वाचता सही करणारे लोक पुढे मला विचारतात, "मॅडम, हे कलम कधी घातलं?" ते पहिल्यापासून तिथेच होतं. मी स्वतः सही करण्याआधी नोटीस, वसुली आणि बाँड (ठरावीक काळ नोकरीत राहण्याची हमी) या तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करते आणि ते पत्र रात्रभर बाजूला ठेवते. सकाळी वाचलं की वेगळं दिसतं.

बाँडबद्दल ऐकीव माहितीवर चालणं

"बाँड कोर्टात टिकतच नाही" हे वाक्य मित्रमंडळींत फार फिरतं. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार रद्द ठरवतं, हे खरं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नका, ही अट त्यामुळे सहसा टिकत नाही. पण नोकरीत असताना किमान इतका काळ राहीन, नाहीतर इतकी रक्कम देईन, ही अट वेगळी. विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं पूर्ण न केल्यास दोन लाख रुपये भरायची अट होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये ती अट वैध ठरवली.

म्हणून घाबरून नको त्या जागी अडकून बसायचीही गरज नाही. कलम ७४प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते आणि करारातली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. हा दिवाणी वाद आहे. नुसती नोकरी सोडली म्हणून पोलीस येतील, अशी धमकी कुणी दिली तर तिला भिऊ नका. रक्कम मोठी असेल तर सही करण्याआधी किंवा राजीनाम्याआधी वकिलाला कागद दाखवा. रक्कम बाँडमध्येच असते असंही नाही. जॉइनिंग बोनस, सामान हलवण्याचा खर्च, आधीच्या कंपनीत तुमच्यासाठी भरलेला नोटीस बायआउट हे सगळं एका वर्षाच्या आत गेल्यास परत मागितलं जातं. तो बोनस मी वर्षभर खर्च करत नाही आणि इतरांनाही तेच सांगते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

नव्या ठिकाणचं लेखी पत्र हातात नसताना राजीनामा देऊ नका. फोनवरचा होकार म्हणजे नोकरी नव्हे.

पहिल्या आठवड्यातल्या गोंधळाला घाबरून निघू नका. एका कागदावर दोन रकाने करा, "अनोळखी आहे" आणि "खोटं सांगितलं". पहिला रकाना महिन्याभरात बहुतेक रिकामा होतो. दुसरा भरत गेला तर निघा.

मूळ प्रमाणपत्रं कुठेच जमा करू नका. केली असतील तर शेवटच्या दिवसाआधी परत घ्या.

आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाही दिलात तर दोन्हीकडे करसवलत धरली जाते, टीडीएस कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना कर व्याजासकट अंगावर येतो.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. मधल्या दिवसांची सोय आधी करा, विशेषतः घरात कुणावर उपचार चालू असतील तर.

अडकलेल्या पगाराचा पाठपुरावा सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं असं म्हटलं आहे. विनंतीच्या मेलमध्ये हा संदर्भ शांतपणे द्या.

बायोडाटात लपवायचं की नाही

बायोडाटा संक्षिप्त असतो, त्यात तीन आठवड्यांची नोकरी नसली तरी चालतं असं माझं मत आहे. पण तपासणीच्या फॉर्मवर "आधीच्या सर्व नोकऱ्या" असं विचारलेलं असतं आणि खाली सही असते. तिथे ती लिहायलाच हवी. "काम ठरल्यापेक्षा वेगळं निघालं, नोटीस पूर्ण करून निघाले" एवढं एक वाक्य पुरतं. इतक्या वर्षांत हे वाक्य लिहिणाऱ्या कुणाला मी त्यापायी नाकारलेलं नाही. लपवलेलं सापडलं तेव्हा मात्र नाकारावं लागलं आहे, आणि त्यातले काही जण फार हुशार होते.

मागच्या वर्षी एक मुलगी नवव्या दिवशी माझ्याकडे आली. डोळे भरलेले होते, पण वहीत सगळं लिहून आणलं होतं: नोटीस किती, काय परत द्यायचं, कोणाच्या सह्या. नोटीस पूर्ण करून शेवटच्या दिवशी दुपारीच तिने नियुक्तिपत्र, पगाराची पावती, राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि लॅपटॉप परत केल्याची पोच पीडीएफ करून माझी परवानगी घेऊन स्वतःच्या मेलवर पाठवली. रिलीव्हिंग लेटरसाठी, म्हणजे कंपनीने नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रासाठी, खासगी पत्ता लिहून दिला. कंपनीचा मेल त्याच संध्याकाळी सहाला बंद होतो, हे तिने आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.