क्वेकर व्यापाऱ्याची अठराव्या शतकातली पत्रं कशी वाचावीत

फिलाडेल्फियाचे जेम्स पेंबर्टन व्यापारी होते, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया या ब्रिटिश वसाहतीच्या विधानसभेत सदस्य होते आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या समाजाचे पुढारीही. अशा माणसाच्या पत्रात पिठाची पिंपं, कराचा वाद आणि क्वेकर सभेचे निरोप एकाच कागदावर येतात. व्यापाराची पत्रं एका फाईलीत आणि राजकारणाची दुसरीत, अशी वाटणी करू नका.

पत्र हातात आलं की आधी तारीख सोडवा. क्वेकर महिन्यांची आणि वारांची रूढ नावं टाळून फक्त क्रमांक लिहीत. पहिला दिवस म्हणजे रविवार. महिन्यांचा क्रम मात्र १७५२ मध्ये, ब्रिटिश मुलखात नवी दिनदर्शिका आली तेव्हा बदलला. त्याआधी पहिला महिना मार्च, दहावा डिसेंबर, अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी. जुन्या पद्धतीत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून ‘११ तारीख, बारावा महिना, १७३९’ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४०. नोंदीत १७३९/४० असं दुहेरी वर्ष लिहा. पत्रात वार असेल तर ताळा घ्या: जुन्या दिनदर्शिकेत त्या फेब्रुवारीची ११ तारीख सोमवारी येते, डिसेंबर १७३९ ची मंगळवारी. म्हणजे ‘दुसरा दिवस’ लिहिलेलं असेल तर फेब्रुवारीच. १ ते २४ मार्चच्या पत्रांचं वर्ष मात्र आगेमागे असू शकतं. ते आजूबाजूच्या पत्रांवरूनच ठरवावं लागतं. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, तेव्हा मधल्या तारखांचं ब्रिटिश मुलखातलं पत्र दिसलं तर आपलं वाचन पुन्हा तपासा.

मग प्रत कोणती ते पाहा. नकलवहीत पाठवलेल्या पत्रांच्या नकला एकाखाली एक असतात. घड्या नाहीत, लाखेचा डाग नाही. आलेल्या पत्राला घड्या असतात, बाहेरच्या बाजूला पत्ता असतो आणि बहुधा घेणाऱ्याच्या हातची टीप: कोणाचं, कधीचं. लाख फोडताना कागद फाटतो, तिथले शब्द गेलेले असतात. ते अंदाजाने भरू नका, चौकोनी कंसात जागा सोडा.

इथे एक चूक फार होते. जहाज बुडेल किंवा पकडलं जाईल या भीतीने तेच पत्र दोन-तीन जहाजांनी पाठवत. दुसऱ्या प्रतीच्या सुरुवातीला मागच्या पत्राची नक्कल आणि खाली चार-सहा ओळींचा नवा मजकूर. वरचा भाग ओळखीचा दिसला की ‘दुबार प्रत’ म्हणून कागद बाजूला पडतो आणि ताजी बातमी त्यातच राहते. प्रत्येक प्रत शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पैशांत ‘पौंड’ दिसला की कुठला ते विचारा. स्पॅनिश डॉलर लंडनच्या स्टर्लिंगमध्ये साडेचार शिलिंगांचा, तर पेनसिल्व्हेनियाच्या चलनात साडेसातचा. प्रत्यक्ष हुंडीचा दर सतत हलत असे. दर १६० असेल, म्हणजे १०० स्टर्लिंग पौंडांना पेनसिल्व्हेनियाचे १६०, तर पेनसिल्व्हेनियाचे २४० पौंड म्हणजे स्टर्लिंग १५०. पत्रातला त्या दिवसाचा दर वापरा, सरासरी लावू नका. एकाच हुंडीची पहिली, दुसरी, तिसरी प्रत निघे. तिन्हींची बेरीज केलीत तर देणं तिप्पट होईल.

वजन ३–२–१४ असं तीन रकान्यांत येतं: हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, त्याचा पाव २८ पौंडांचा, मग सुटे पौंड, एकूण ४०६. बिजकाची बेरीज स्वतः करून पाहा. जुळली नाही तर बहुतेक वेळा १ आणि ७ ची गल्लत झालेली असते, म्हणजे वाचन तपासायचं हे फुकटचं साधन आहे.

राजकारण सापडतं ते अशाच रुक्ष ओळींत. नोव्हेंबर १७६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी स्टॅम्प कायद्याविरुद्ध, म्हणजे ब्रिटनने वसाहतींतल्या कागदपत्रांवर लावलेल्या कराविरुद्ध, आयातबंदीचा करार केला, तेव्हा ‘कायदा रद्द झाला तरच माल चढवा’ ही मागणीपत्रातली अट हेच राजकीय विधान होतं. कायदा १८ मार्च १७६६ ला रद्द झाला, पण बातमी फिलाडेल्फियात पोचली मे महिन्यात. म्हणून एप्रिलच्या पत्रातली तक्रार चुकीची नव्हे. प्रत्येक पत्राला लिहिल्याची आणि पोचल्याची अशा दोन तारखा द्या, आणि कोणाला काय कधी कळलं ते दुसरीवरून ठरवा.

मायन्यावरून जवळीक मोजू नका. क्वेकर पदव्या लावत नसत. लंडनचे डॉक्टर जॉन फोदरगिल यांनाही नुसत्या नावाने लिहीत, आणि ‘तुझा मित्र’ ही सही हिशेबातल्या आडत्यालाही मिळे. नातं ओळखायचं असेल तर उधारीची मुदत पाहा.