मॉनिटर अंधुक झाला असेल तर दोष आधी कुठे शोधावा

मॉनिटर अंधुक दिसू लागला की बहुतेक सल्ल्यांची सुरुवात ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकण्यापासून किंवा कॉन्ट्रास्ट आणि गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारी सेटिंग) वाढवण्यापासून होते. यातले काहीही आधी करू नये. एलसीडी मॉनिटरमध्ये उजेड येतो तो पॅनेलमागच्या बॅकलाइटमधून, म्हणजे तिथल्या दिव्यांमधून. पॅनेल तो उजेड फक्त कमी-अधिक अडवते. त्यामुळे बॅकलाइटच मंद असेल, तर संगणकातून गॅमा कितीही वाढवला तरी पांढरा भाग जराही उजळत नाही. मधल्या छटा तेवढ्या फिकट होतात आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. हा भासच सर्वांत जास्त वेळ खातो.

म्हणून पहिला प्रश्न एकच: अंधुकपणा संगणकाकडून येणाऱ्या चित्रात आहे की मॉनिटरच्या उजेडात? त्याचे उत्तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू देतो. संगणकावर एक कोरे पांढरे पान पडदाभर उघडावे, मॉनिटरसमोर सरळ बसावे आणि मॉनिटरची बटणे दाबून मेनू आणावा. मेनूतली अक्षरे मॉनिटरच तयार करतो. संगणकाचा किंवा केबलचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, मात्र त्यांना उजेड मिळतो तो त्याच बॅकलाइटचा. अक्षरे स्वच्छ पांढरी आणि पान करडे दिसत असेल, तर दोष संगणकाच्या बाजूला आहे. दोन्ही सारखेच मंद असतील, तर मॉनिटरकडे वळावे.

ही तपासणी सोपी वाटते, पण मी स्वतः तिच्यात फसलो आहे. मी केबल काढली आणि काळ्या पडद्यावर उमटलेला ‘सिग्नल नाही’ हा संदेश पाहिला. तोही मंद दिसला, तेव्हा बॅकलाइट गेला असे समजून मी त्याच्या दिव्यांच्या नवीन पट्ट्या मागवल्या. प्रत्यक्षात मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू होता. ही सोय चित्र गडद असेल तेव्हा बॅकलाइट आपोआप उतरवते, आणि जवळजवळ पूर्ण काळ्या पडद्यावर तर तो फारच खाली जातो. त्यामुळे गडद पडद्यावर केलेली तपासणी निरोगी मॉनिटरलाही आजारी ठरवू शकते. ती पांढऱ्या पानावरच करावी आणि त्याआधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऊर्जा-बचत मोड आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर हे तिन्ही मेनूतून बंद करावेत. अंधुक झालेले कितीतरी मॉनिटर एवढ्यानेच पूर्ववत होतात.

मेनूतला ब्राइटनेसचा पर्याय बदलताच येत नसेल, तर तो बिघाड समजू नये. एसआरजीबीसारखे (प्रमाणित रंग दाखवणारे) चित्र-मोड अनेक मॉनिटरमध्ये ब्राइटनेस ठरावीक पातळीवर अडकवून ठेवतात. मोड बदलला की पर्याय मोकळा होतो.

दोष संगणकाच्या बाजूला निघाला, तर विंडोजमध्ये आधी एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारी सोय) पाहावे. एचडीआर चालू असताना साधा मजकूर किती उजळ दिसावा हे सेटिंगमधल्या एका वेगळ्या स्लायडरवर ठरते आणि तो खाली असेल तर सगळे काम मळकट दिसते; मॉनिटरची एचडीआर क्षमता बेताची असेल, तर ते सरळ बंद करावे. त्यानंतर एचडीएमआय केबलवरून जाणारी रंगश्रेणी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना दिलेल्या आकड्यांचा पल्ला, पाहावी. संगणक १६ ते २३५ ही मर्यादित श्रेणी पाठवत असेल आणि मॉनिटर ० ते २५५ ही पूर्ण श्रेणी धरून बसला असेल, तर पांढरा करडा दिसतो आणि काळाही करडाच. याच्या उलट झाले तर सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडतो. दोन्हीकडे पूर्ण श्रेणी निवडावी. रात्रीचा पिवळसर मोडही बंद आहे ना, ते पाहून घ्यावे.

हे सगळे करून, ब्राइटनेस १०० वर ठेवूनही पडदा मंदच राहिला, तर बॅकलाइटवर संशय घ्यायला हरकत नाही. एलईडी बॅकलाइट वर्षानुवर्षे हळूहळू उतरत जातो. एकच पट्टी गेली असेल, तर पडद्याचा तेवढाच भाग काळवंडतो. जुन्या, सीसीएफएल (बारीक फ्लुरोसंट) नळ्यांच्या मॉनिटरमध्ये सुरुवातीला लालसर झाक दिसते किंवा चित्र एक-दोन सेकंद उमटून जाते. चित्र असे पूर्ण गेले असेल, तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर टॉर्चचा उजेड तिरपा टाकावा. आत पुसटसे चित्र दिसले, तर पॅनेल चालू आहे आणि उजेडच बंद आहे.

यापुढे मॉनिटर स्वतः उघडू नये, हे माझे ठाम मत आहे. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवतात आणि सीसीएफएल नळ्यांना वीज देणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटमध्ये शेकडो व्होल्ट असतात. दुरुस्तीला देताना मात्र मेनूच्या आणि टॉर्चच्या तपासणीत काय दिसले ते लिहून द्यावे, म्हणजे चांगले पॅनेल बदलण्याचा खर्च कोणी सुचवणार नाही.